चिखलात ट्रॅक्टरची पकड कशी टिकेल?

पाऊस लागून राहिला की ट्रॅक्टर बाळगणाऱ्या शेतकऱ्यांपुढे एक अडचण हटकून उभी राहते. चाके जागच्या जागी फिरतात, डिझेल जळत राहते आणि काम मात्र पुढे सरकत नाही. ट्रॅक्टर अधिक जड केला म्हणजे तो नेटाने ओढील, अशी पुष्कळांची समजूत असते. चिखलात ही समजूत खरी ठरत नाही; आणि ट्रॅक्टर रुतल्यावर घाईने योजलेले उपाय तर कधी कधी चालकाच्या जिवावर बेततात.

पकड मिळते कशी?

मुरमाड अथवा वाळूसर जमिनीत मातीचे कण परस्परांत अडकून राहतात. तेथे चाकावरील भार वाढला की पकडही वाढते. काळ्या चिकण जमिनीची गोष्ट निराळी आहे. पाणी मुरून ती फुगली म्हणजे कणांचे परस्परांत अडकणे संपते व केवळ चिकटपणा शिल्लक राहतो. भार वाढवून हा चिकटपणा वाढत नाही. चाक मात्र खोल जाते. शिवाय टायरवरील कंगोऱ्यांच्या फटी चिखलाने बुजतात व टायर गुळगुळीत होऊन घसरू लागतो. म्हणून चिखलात भारापेक्षा चाकाचा जमिनीशी येणारा विस्तृत स्पर्श अधिक उपयोगी पडतो.

वाफसा पाहूनच काम

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे थांबणे. नांगर जितका खोल जाणार असेल तेथून मूठभर माती घेऊन तिचा गोळा करावा व कमरेइतक्या उंचीवरून खाली टाकावा. गोळा फुटून विखुरला तर वाफसा आला असे समजावे. तो चेपटून तसाच राहिला तर ट्रॅक्टर शेतात घालू नये. ओल्या जमिनीवरून चाके फिरली की खाली घट्ट थर बसतो. पाण्याचा निचरा अडतो, पिकाची मुळे खोल जात नाहीत आणि पुढील पावसाळ्यात त्याच जागी अधिक चिखल होतो. ज्या शेतात पाणी साचते, तेथे उताराच्या बाजूस चर काढणे हाही पकड वाढविण्याचाच उपाय होय.

चाकांची तयारी

टायरमधील हवा शेतकामासाठी उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपर्यंत कमी करावी, म्हणजे टायर थोडा पसरून जमिनीला अधिक टेकतो. मर्यादेखाली मात्र जाऊ नये. टायर रिमवर सरकून व्हॉल्व्ह तुटण्याचे भय असते. रस्त्यावर वाहतूक करण्यापूर्वी हवा पुन्हा भरून घ्यावी. टायरच्या बाजूवरील बाण पुढे जाण्याच्या दिशेने आहे, याची खात्री करावी. टायरमध्ये सुमारे 75 टक्के पाणी भरण्याची रीत कोरड्या जमिनीतील नांगरटीस उपकारक आहे. भाताच्या चिखलणीपूर्वी ते पाणी काढून टाकणे हिताचे ठरते.

कोकणातील व भंडारा-गोंदियाकडील भात खाचरांत चिखल मुद्दामच करावयाचा असतो. तेथे लोखंडी जाळीची चाके, म्हणजे केज व्हील, वापरावीत. ही चाके रुंद असल्याने ट्रॅक्टर कमी रुततो व त्यांच्या आडव्या पट्ट्या चिखल कापून पकड घेतात. डांबरी रस्त्यावर ती चढवून ट्रॅक्टर नेऊ नये, रस्ता उखडतो.

घसर मोजण्याची सोपी रीत

नेहमीच्या मशागतीत चाक किती घसरते, हे खडू व दोन खुंट्यांनी कळते. मागील चाकावर खडूची खूण करावी. अवजार उचलून ट्रॅक्टर शेतात चालवावा व चाकाच्या 10 फेऱ्यांचे अंतर खुंट्यांनी निश्चित करावे. नंतर अवजार जमिनीत घालून तेवढ्याच अंतराच्या फेऱ्या मोजाव्यात. 11 ते साडेअकरा फेऱ्या लागल्या तर काम ठीक आहे. 13 लागल्या तर त्यांतील 3 फेऱ्या वाया गेल्या, म्हणजे चाकाच्या फिरण्याचा जवळजवळ चौथा हिस्सा फुकट गेला. अशा वेळी अवजाराची खोली कमी करावी, अथवा वाफशाची वाट पाहावी.

ट्रॅक्टर रुतल्यास

एकच चाक फिरत असेल तर ते थांबवून डिफरन्शियल लॉक लावावा व सरळ रेषेत सावकाश बाहेर यावे; वळण्यापूर्वी लॉक सोडावा. दोन्ही चाके फिरू लागली तर ॲक्सिलरेटर दाबू नये; प्रत्येक फेरीसरशी खड्डा वाढतो. अवजार अथवा ट्रॉली सोडावी, चाकामागील माती खणून उतार करावा, त्यावर फांद्या किंवा फळ्या घालाव्यात आणि ट्रॅक्टर मागे घ्यावा.

ओल्या रानातून उसाची ट्रॉली काढताना मागील चाकांना ओंडका बांधण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. ओंडका चिखलात अडकला की चाक फिरू शकत नाही. मग इंजिनाची सारी शक्ती ट्रॅक्टरचे पुढचे तोंड वर उचलते. एक-दीड सेकंदात ट्रॅक्टर मागे उलटून चालक खाली सापडतो. उडी मारण्यासही अवसर मिळत नाही. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढावयाचे झाल्यास लांब व मजबूत साखळी ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या ड्रॉबारलाच बांधावी. टॉप लिंकच्या जागी कधीही बांधू नये. ताणलेल्या साखळीजवळ कोणी उभे राहू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वी खडू-खुंट्यांचे प्रात्यक्षिक शेतावर करून दाखवावे आणि गळीत हंगामाच्या आरंभी ओंडक्याचा धोका प्रत्येक ट्रॅक्टरचालकाच्या कानी घालावा. रुतलेला ट्रॅक्टर दोन दिवसांनी वाफसा आल्यावरही निघतो. गेलेला माणूस परत येत नाही.