गवती चहा, सोने आणि भस्माची पुडी

जयपूर म्हटले की रत्ने आणि हवामहल आठवतात. पण याच शहरात १९७६ साली राष्ट्रीय आयुर्वेद संस्थान सुरू झाले. तिथे रसशास्त्र, म्हणजे धातू व खनिजांपासून औषधे बनवण्याची विद्या शिकवली जाते. शुद्ध केलेला धातू वनस्पतींच्या रसात खलायचा आणि पुन्हापुन्हा भाजायचा. बोटांच्या रेषांत शिरेल इतका बारीक झाला की भस्म तयार, ही जुनी कसोटी.

वनस्पतीचा रस थेट सूक्ष्म कण घडवू शकतो का? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी २००४ साली ते दाखवून दिले. सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात त्यांनी आपल्या ओळखीच्या गवती चहाचा अर्क मिसळला. अर्कातील शर्करांमुळे क्षारातले सोने सुटे झाले आणि त्याचे त्रिकोणी नॅनोकण बनले. भट्टी नको, घातक रसायने नकोत! एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. अशा कणांच्या मदतीने कर्करोगाची गाठ उष्णतेने नष्ट करण्यावर संशोधन चालू आहे.

मात्र ‘वनस्पतीपासून बनले’ म्हणजे ‘निर्धोक’ नव्हे. २००४ सालीच अमेरिकेत बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते.

तेव्हा शेजारणीच्या सांगण्यावरून भस्माची पुडी घेऊ नका. गर्भवती आणि लहान मुलांच्या बाबतीत तर मुळीच नाही. शिक्षित वैद्यांचा सल्ला घ्या आणि वेष्टनावरील परवाना क्रमांक पाहूनच औषध घ्या.