पाऊस कुणी पाडला?

मित्रहो, मागच्या व्याख्यानात आपण ‘कारण’ आणि ‘जबाबदारी’ या दोन शब्दांपाशी थांबलो होतो. आज तोच प्रश्न घरात आणू. घरात म्हणजे अगदी गच्चीवर.

समजा, पुण्यातल्या एका रो-हाऊसच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग चाललंय. जुना कोबा फोडलाय, राडारोडा पावसाळी पाइपाच्या तोंडाशी पडलाय, आणि मे महिन्यातल्या एका रात्री वळीव कोसळतो. सकाळी खालच्या खोलीचं छत गळतंय, लाकडी कपाट फुगलंय. कंत्राटदार म्हणतो, “साहेब, पाऊस काय मी पाडला?”

वाक्य शंभर टक्के खरं आहे. पण आपण त्याला हे विचारलंच नव्हतं! आपला प्रश्न असा, की त्या रात्री ती उघडी गच्ची कुणाच्या ताब्यात होती?

हार्ट आणि ऑनोरे यांनी १९५९च्या आपल्या ग्रंथात कायद्यातल्या कार्यकारणभावाचा विचार केला आहे. आग लागायला प्राणवायू लागतोच, तरी आपण प्राणवायूला आगीचं कारण म्हणत नाही. तो नेहमीच असतो. पुण्यातला वळीव हा असा प्राणवायू आहे. नेहमीपेक्षा वेगळं काय घडलं, तर कोबा फोडला, पाइप तुंबवला आणि ताडपत्री न टाकता माणसं घरी गेली.

यावर ‘दैवी आपत्ती’ हे उत्तर पुढे येतं. ते पोकळ नाही. इंग्लंडमध्ये एका जमीनमालकिणीची कृत्रिम तळी विलक्षण अतिवृष्टीने फुटली आणि खालचे पूल वाहून गेले. १८७६ मध्ये न्यायालयाने तिला दोषमुक्त ठरवलं. पण १९१७ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकच्या खटल्यात पावसाची सबब चालली नाही. तिथे मुलांना पाण्यात खेळायला तळं करण्यासाठी नगरपालिकेने ओढ्याचा मार्ग बदलला होता. निसर्गाच्या वाटेत हात घालणाऱ्याने निसर्गाचा हिशेबही ठेवावा, असा त्याचा रोख.

आता आपल्याकडे या. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो. २०२५ मध्ये तो २६ मेलाच आला. “लवकर आला हो!” ही सबब आम्हाला पटत नाही. उघड्या स्लॅबवर रात्री ताडपत्री घालायला हवामान खात्याची परवानगी लागत नाही. २६ जुलै २००५ची गोष्ट निराळी. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर! पण तिथेही विचारायचं एवढंच, की पाइप मोकळा आणि ताडपत्री पक्की असती तरी हे नुकसान झालं असतं का? झालं असतं, तर कंत्राटदार सुटला. नसतं झालं, तर आकडा कितीही मोठा असो, त्याने तो सुटत नाही.

नुकसान किती मागायचं? भारतीय करार कायदा, १८७२, कलम ७३. करारभंगातून स्वाभाविकपणे होणारं नुकसान मिळतं, दूरान्वयाचं मिळत नाही. छत, रंग, कपाट हे मागता येईल. मात्र मालकाने फुगणारं कपाट दोन दिवस तसंच पाण्यात ठेवलं, तर तेवढा भाग त्याच्याच पदरात. नुकसान आवरण्याचे उपाय हाताशी होते का, हेही तेच कलम विचारात घ्यायला सांगतं.

आणि मालकच हटून बसला असेल तर? कंत्राटदार म्हणाला, “दिवाळीनंतर करू,” आणि मालकाने ताडपत्रीचे पैसेही नाकारले. इथे आमचं मन जरा कंत्राटदाराकडे झुकतं. पूर्ण नव्हे; जाणकार तो आहे, आणि धोका कळूनही स्लॅब उघडायला हो म्हणाला तोही तोच. हा इशारा त्याने लेखी दिला होता का, यावर पुढे बरंच ठरतं. मोबाइलवरचा साधा संदेशही कामी येतो.

ग्राहक आयोगाकडे जायचं, तर तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जावं लागतं. गृहबांधणी ही २०१९च्या कायद्यातल्या ‘सेवे’च्या व्याख्येत आहे.

पुढच्या वेळी सामाईक भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यापासून सुरुवात करू. त्याचा कंत्राटदाराशी काहीच करार नाही, आणि ओल मात्र त्याच्याही भिंतीत उतरली आहे.