१८ मुलांची शाळा आणि महिन्याला ७५० रुपये! शाळेच्या अनुदानाचं गणित नेमकं कसं चालतं?

वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा डोळ्यासमोर आणा. पट १८, शिक्षक दोन, वर्ग पहिली ते चौथी. ही शाळा वर्षभर चालवायला सरकारकडून किती पैसे मिळत असतील? शिक्षकांचे पगार, पुस्तकं, गणवेश आणि पोषण आहार बाजूला ठेवा, त्यांचे हिशेब वेगळे आहेत. वीजबिल, खडू, झाडू, फिनेल, नळाची तोटी, बंद पडलेला पंखा, पावसाळ्याआधी बदलायची कौलं अशा रोजच्या खर्चाचं विचारतोय.

उत्तर आहे वर्षाला १०,००० रुपये.

हे पैसे कुठून येतात?

केंद्र सरकारच्या 'समग्र शिक्षा' योजनेतून. २०१८ मध्ये सर्व शिक्षा अभियान आणि माध्यमिक शिक्षा अभियान एकत्र करून ही योजना सुरू झाली. महाराष्ट्रासारख्या राज्यांत खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. याच योजनेत सरकारी शाळांना दरवर्षी 'संयुक्त शाळा अनुदान' मिळतं. ग्रंथालय आणि क्रीडा साहित्याचे पैसे वेगळे. प्राथमिक शाळेसाठी या दोन्हींची मर्यादा प्रत्येकी ५,००० रुपये आहे.

संयुक्त अनुदान ठरतं पटावर. ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १,००० पर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे १ लाख. यातली किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करावी लागते.

म्हणजे आपल्या १८ मुलांच्या शाळेकडे स्वच्छतेचे १,००० वगळून ९,००० रुपये उरतात. भागिले १२. महिन्याला ७५० रुपये.

यावर सरकारी बाजूचं एक उत्तर असू शकतं आणि ते अगदीच चुकीचं नाही. प्रतिमूल हिशेब केला तर लहान शाळेला जास्तच मिळतं. १८ मुलांच्या शाळेत एका मुलामागे सुमारे ५५५ रुपये पडतात, तर १,००० मुलांच्या शाळेत फक्त ७५ रुपये.

पण शाळेचा खर्च मुलांच्या संख्येनुसार सरळ वाढत किंवा कमी होत नाही. विजेचा स्थिर आकार १८ मुलांसाठीही भरावा लागतो आणि ८० मुलांसाठीही. पाण्याची मोटर जळाली तर ती पट विचारून जळत नाही. उलट दुर्गम पाड्यावर मिस्त्री न्यायचा तर त्याच्या येण्याजाण्याचा खर्च वेगळा. गंमत म्हणजे ३० मुलांच्या शाळेला १० हजार आणि ३१ मुलांच्या शाळेला २५ हजार. एका दाखल्याची किंमत १५ हजार रुपये!

महाराष्ट्रात हा प्रश्न किरकोळ नाही. २०२३ मध्ये २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांचं समूह शाळांमध्ये रूपांतर करण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा अशा शाळांची संख्या १४ हजारांहून जास्त असल्याचं समोर आलं होतं. त्यातल्या अनेक शाळा डोंगराळ आणि आदिवासी भागात आहेत. उरलेला खर्च मग लोकवर्गणीतून किंवा गुरुजींच्या खिशातून होतो. लोकसहभाग हा शब्द छान आहे, पण ज्या पाड्यावर पालक स्वतःच मजुरीला बाहेरगावी जातात, तिथे वर्गणी कोण देणार?

कायदा वेगळंच सांगतो

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम २२ नुसार शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो आणि सरकारच्या अनुदानाचा आधार तो आराखडा असायला हवा. सोप्या भाषेत, शाळेने गरज सांगायची आणि त्यावरून पैसे ठरायचे. प्रत्यक्षात संयुक्त अनुदानाची रक्कम पटाच्या टप्प्यावरून आधीच ठरलेली असते. आराखड्यात छत गळतं लिहा किंवा लिहू नका, १०,००० ते १०,०००च.

मोठे पैसे आहेत, पण ते निवडक शाळांना. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या 'पीएम श्री' योजनेत देशभरातल्या १४,५०० हून अधिक शाळांसाठी एकूण २७,३६० कोटी रुपयांची तरतूद झाली. त्यासाठी शाळांना स्पर्धेत उतरावं लागतं आणि किमान निकष पूर्ण करावे लागतात. ज्या शाळेत साधी वीज टिकत नाही, ती या शर्यतीत सुरुवातीलाच मागे पडते.

पालक काय करू शकतात?

व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. अनुदान कसं खर्च झालं यावर लक्ष ठेवणं हे समितीचं कायद्याने दिलेलं काम आहे. त्यामुळे बैठकीत जमाखर्च मागताना संकोच नको.

दुसरा दरवाजा ग्रामपंचायतीचा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळातल्या ग्रामीण अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवला. शाळेचं स्वच्छतागृह, नळजोडणी ही कामं त्यात बसवता येतात, मात्र ती गावाच्या विकास आराखड्यात यावी लागतात. त्यासाठी ग्रामसभेत विषय मांडायला हवा.

जाण्याआधी शाळेची सरकारी नोंद तपासा. 'यू-डायस प्लस'च्या संकेतस्थळावर शाळेत वीज, पाणी, स्वच्छतागृह आहे की नाही याची माहिती मिळते. नोंदीत 'वीज आहे' असेल आणि वर्गात अंधार असेल, तर पहिला प्रश्न तिथूनच विचारता येईल. शोधण्यासाठी शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक वापरता येतो. तो मुख्याध्यापकांकडे मिळेल, अनेक शाळांच्या भिंतीवरही रंगवलेला असतो.