एक देऊळ, तीन शाखांचं संशोधन : अंबाबाईच्या गाभाऱ्यात अभियंता, रसायनतज्ज्ञ आणि धर्म-अभ्यासक काय शोधतात?

बेळगाव : मुलगा एम.टेक. करतोय म्हटलं की घरात सगळ्यांचे चेहरे खुलतात. मुलगी दगड-धातूंच्या रसायनावर पीएचडी करतेय म्हटलं की ‘म्हणजे नोकरी कुठे लागणार?’ असा प्रश्न येतो. आणि कुणी देवदेवतांवर, यात्रांवर संशोधन करायचं म्हटलं, तर ‘त्यात शोधायचं काय राहिलंय?’ असं विचारून विषयच संपवला जातो. सीमाभागात हे चित्र घरोघरी दिसतं. खरं तर आपल्या भागाच्या चारी बाजूंना विद्यापीठं आहेत. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, गोवा विद्यापीठ १९८५ चं, बेळगावचं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ चं आणि राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चं. या सगळ्यांत मिळून यंत्रांपासून पुराणांपर्यंत हरतऱ्हेचं संशोधन चालतं. प्रश्न एवढाच, की या विषयांचा एकमेकांशी आणि आपल्याशी काही संबंध आहे का?

उत्तर शोधायला लांब जायला नको. निपाणी, चिकोडी, खानापूर, गोवा इथून हजारो माणसं जिच्या दर्शनाला जातात, त्या कोल्हापूरच्या अंबाबाईचं देऊळ हेच या प्रश्नाचं उत्तर आहे. तिथे अभियांत्रिकी, पदार्थविज्ञान आणि धर्म-अभ्यास या तिन्ही शाखांना काम आहे. आणि तिघांपैकी एकाला वगळलं तर काय बिघडतं, हेही तिथेच दिसलं आहे.

हिशेब कोनांचा

देवळाचा किरणोत्सव सगळ्यांना माहीत आहे. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप, कासव चौक ओलांडून गाभाऱ्यात पोहोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, मग मध्यावर आणि शेवटी मुखावर, असा त्यांचा क्रम सांगितला जातो.

वर्षातून दोनदाच का? सूर्य २१-२२ डिसेंबरपर्यंत दक्षिणेकडे सरकतो आणि तिथून परत फिरतो. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर हे अंतर ४१ दिवसांचं. तिथून पुढे साधारण तेवढेच दिवस मोजले की १ फेब्रुवारी येते. म्हणजे जाताना सूर्य ज्या जागी मावळला, परतताना पुन्हा त्याच जागी मावळतो. कोल्हापुरातून पाहिलं तर ही जागा नेमक्या पश्चिमेला नाही, पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेकडे आहे. त्या दिवसांत सूर्य क्षितिजावर रोज साधारण निम्म्या सूर्यबिंबाएवढा सरकतो. त्यामुळे हा सोहळा मोजक्या दिवसांचाच असणार.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सूर्य जसजसा खाली जातो तसतशी दारातून आत आलेली किरणं आडवी होत जातात आणि समोरच्या मूर्तीवर वर चढतात. म्हणजे मुखावर पडणारा प्रकाश हा अगदी शेवटच्या काही मिनिटांचा असतो, सूर्य क्षितिजाला टेकायच्या बेतात असतानाचा. नेमका तेव्हाच वाटेतल्या इमारतीचा वरचा मजला, पाण्याची टाकी, जाहिरातीचा फलक मध्ये येतो.

याचा हिशेब सोपा आहे. कोल्हापुरात या दिवसांत सूर्य एक अंश खाली यायला साडेचार मिनिटांच्या आसपास लागतात. समजा ३०० मीटरवरच्या इमारतीवरची टाकी किरणांच्या वाटेत ५ मीटर घुसली आहे. तर ती जवळपास एक अंश आकाश झाकते. म्हणजे शेवटची चारेक मिनिटं गेली. किरणं मुखापर्यंत न जाता खालीच थांबायला एवढं पुरतं.

शिवाय हवेचा अडथळा वेगळा. सूर्य डोक्यावर असताना त्याचा प्रकाश जेवढी हवा पार करून येतो, त्याच्या साधारण दहापट हवा तो क्षितिजापासून ५ अंशांवर असताना पार करावी लागते. धूळ, धूर, बाष्प, ढग यांचा परिणाम म्हणूनच एवढा जाणवतो. कोल्हापुरातल्या महाविद्यालयांचे प्राध्यापक आणि विद्यार्थी या दिवसांत प्रकाशमापक घेऊन तीव्रता मोजतात आणि सर्वेक्षणाच्या यंत्रांनी अडथळे टिपतात, ते यासाठीच.

‘काळानुसार सूर्याचीच दिशा बदलली,’ असंही अधूनमधून ऐकू येतं. सूर्य दक्षिणेकडे जास्तीत जास्त जिथे मावळतो ती जागा हजार वर्षांत सूर्यबिंबाच्या निम्म्या रुंदीएवढीही सरकलेली नाही. त्यामुळे बोट आकाशाकडे दाखवण्यात अर्थ नाही. बदललं आहे ते शहर. पण एखाद्या टाकीवर बोट ठेवायचं म्हणजे कुणाच्या तरी घराचा, दुकानाचा प्रश्न येतो. अशा वेळी ‘मला वाटतं’ चालत नाही, मोजलेला आकडाच लागतो. अभियंत्याचं काम ते हेच.

हिशेब दगडाचा

दुसरा प्रश्न मूर्तीच्या झिजेचा. शेकडो वर्षांचे अभिषेक, हाताळणी, गाभाऱ्यातला दमटपणा, समईचा धूर, गर्दीचा श्वास. दगड टणक दिसला तरी त्याला बारीक छिद्रं असतात. पाणी आणि क्षार त्यांत शिरतात. पाणी सुकलं की क्षारांचे स्फटिक होतात, फुगतात आणि आतून पापुद्रा सुटू लागतो. दूध-दह्यातलं आम्ल, मध-साखरेचा चिकटा यांनी पृष्ठभाग खराब होतो आणि बुरशीलाही आयतं खाद्य मिळतं.

आपल्याकडे यावरचा जुना उपाय म्हणजे वज्रलेप. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्याची कृतीच दिली आहे. टेंभुर्णीची कच्ची फळं, कवठ, सावरीची फुलं वगैरे पाण्यात उकळून एक अष्टमांश उरेपर्यंत आटवायची, मग त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल असे पदार्थ घालायचे. आजच्या भाषेत सांगायचं तर हा वनस्पतींपासून केलेला डिंक-राळेचा लेप झाला. म्हणजे पदार्थविज्ञान आपल्याकडे नवं नाही, फक्त त्याला तसं नाव नव्हतं.

आज प्रयोगशाळेत पर्याय बरेच आहेत. इपॉक्सी घट्ट चिकटतं, पण उजेडाने पिवळं पडतं आणि तापमान बदललं की दगडापेक्षा जास्त प्रसरण पावतं. त्यामुळे जोड सुटायची भीती असते. दगडातला ओलावाही आतच अडकू शकतो. इथाइल सिलिकेटसारखं द्रव्य पातळ असल्यामुळे दगडात मुरतं आणि कणांना आतून बांधतं, पण मोठी भेग किंवा झिजलेला भाग ते भरून काढत नाही. एकच औषध सगळ्या रोगांवर चालत नाही, तसंच हे. आधी दगड कोणता, त्याची छिद्रं किती, पूर्वीचा लेप कशाचा, हे तपासायचं आणि मगच हात लावायचा. संवर्धनाच्या शास्त्रात एक नियम फार महत्त्वाचा मानला जातो : आज केलेलं काम उद्या गरज पडली तर मूळ वस्तूला इजा न होता काढता आलं पाहिजे. कारण वह्यांतली चूक पुढच्या वर्षी दुरुस्त करता येते, दगडावरची नाही.

अंबाबाईच्या मूर्तीचं रासायनिक संवर्धन २०१५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून झालं. आणि तिथेच तिसऱ्या शाखेची गरज ठळकपणे पुढे आली.

हिशेब परंपरेचा

संवर्धनानंतर मूर्तीच्या मस्तकावरच्या नागमुद्रेवरून कोल्हापुरात मोठा वाद झाला. नाग दिसत का नाही, तो पुन्हा घडवायला हवा होता का, यावर भक्त, अभ्यासक आणि संघटना बोलू लागल्या. बाहेरच्या माणसाला वाटेल, एका नागाचं एवढं काय?

इथे धर्माचा अभ्यासक लागतो. देवीमाहात्म्याला जोडलेल्या ‘प्राधानिक रहस्य’ या भागात महालक्ष्मीचं वर्णन आहे. हातांत महाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र, तर मस्तकावर नाग, लिंग आणि योनी. कोल्हापूरच्या मूर्तीची ओळख अभ्यासक याच वर्णनावरून पटवतात. म्हणजे नाग ही नुसती शोभेची खूण नाही. ही देवी विष्णुपत्नी लक्ष्मी, की सगळ्यांच्या मुळाशी असलेली आदिशक्ती, या जुन्या चर्चेत तो पुरावा आहे. दगडाचा झिजलेला उंचवटा रसायनतज्ज्ञाला दिसतो. तो उंचवटा कशाचा आणि त्याचं मोल काय, हे सांगायला ग्रंथ, शिलालेख आणि इतर मूर्ती वाचलेला माणूस हवा. कामाच्या आधी दोघांनी एकत्र बसून नोंदी केल्या, जुनी छायाचित्रं आणि वर्णनं ताडून पाहिली, तर निम्मे वाद सुरूच होणार नाहीत.

धर्म-अभ्यास म्हणजे प्रवचन नव्हे, हेही समजून घ्यायला हवं. देवावर विश्वास ठेवा की ठेवू नका, असं हा अभ्यास सांगत नाही. माणसं काय मानत आली, का मानत आली आणि ते कसं बदलत गेलं, हे तो पुराव्यानिशी मांडतो. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ लिहिताना पंढरपूरच्या देवाचा माग दक्षिणेतल्या गवळी-धनगरांच्या देवांपर्यंत नेला. त्या ग्रंथाला १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०११ मध्ये आला. जर्मनीचे गुंथर सोंथायमर कायद्याच्या अभ्यासातून इकडे आले आणि धनगरांबरोबर हिंडून खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा यांच्या परंपरा त्यांनी नोंदवल्या. त्यांचं पुस्तक जर्मनमध्ये १९७६ साली, इंग्रजीत १९८९ साली निघालं. दोघांच्याही कामात महाराष्ट्र आणि कर्नाटक वेगळे काढताच येत नाहीत.

अंबाबाईचंही तसंच. कोल्हापूरचे शिलाहार राजे महालक्ष्मीचा वरप्रसाद मिळाल्याचं बिरुद मिरवत आणि त्यांचे कितीतरी लेख कन्नडमध्ये आहेत. म्हणजे या देवीचा इतिहास नीट वाचायचा तर संस्कृत हवं, मराठी हवं, मोडी हवी आणि जुनी कन्नडही हवी.

कुणाचा पुरावा कोणता?

तीन शाखा, तीन तऱ्हेचे पुरावे. अभियंत्याचा आकडा दुसऱ्याने मोजला तरी तोच यायला हवा. रसायनतज्ज्ञाला नमुना तपासून लेप किती वर्षं टिकेल याचा अंदाज द्यावा लागतो. धर्म-अभ्यासकाला ग्रंथ, लेख, मूर्ती आणि लोकांच्या तोंडची परंपरा एकमेकांशी ताडून पाहावी लागते. एकाची मोजपट्टी दुसऱ्याला लावली की घोटाळा होतो. किरणं मुखावर पडतात हे यंत्राने सिद्ध होईल. पण बांधणाऱ्यांचा हेतू तोच होता का, हा उत्सव म्हणून कधीपासून साजरा होऊ लागला, हे प्रकाशमापक सांगू शकत नाही. त्यासाठी दप्तरं चाळावी लागतील. उलट, पोथीत लिहिलंय म्हणून दगडाची झीज थांबत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘शास्त्रज्ञही थक्क झाले’ असा निरोप आला की वाचकांनी म्हणूनच तीन गोष्टी विचाराव्यात. कोणत्या शाखेच्या माणसाने सांगितलं? काय मोजलं किंवा काय वाचलं? आणि ते दुसऱ्या कुणाला तपासता येईल असं कुठे छापलंय का? तिन्हींची उत्तरं नसतील तर तो निरोप पुढे ढकलू नये.

सीमाभागाच्या पोरांना काय फायदा?

बेळगाव, निपाणी, बिदर, भालकी इथली मुलं घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलत मोठी होतात. याला आपण अडचण समजतो. पण वर सांगितलेल्या कामात हेच भांडवल आहे. पुण्या-मुंबईच्या संशोधकाला कन्नड लेख वाचायला वेगळी मेहनत घ्यावी लागते. आपल्या मुलांची निम्मी वाट आधीच चालून झालेली असते. अभियांत्रिकीच्या मुलांनाही मोठ्या शहरातच विषय मिळतो असं नाही. आपल्या गावच्या जुन्या देवळाचं, वाड्याचं, किल्ल्याच्या भिंतीचं मोजमाप आणि दगडाची तपासणी हाही प्रकल्प होऊ शकतो.

कुणी काय संशोधन केलंय हे पाहायचं असेल तर ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध मोफत वाचता येतात. तिथे यंत्रशास्त्राच्या प्रबंधाशेजारी एखाद्या ग्रामदेवतेवरचा प्रबंधही सापडतो. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी मुलांनी आणि पालकांनी एक संध्याकाळ त्यावर घालवावी. आपल्या तालुक्याचं, गावाचं, देवाचं नाव टाकून पाहावं. काही सापडलं तर पुढची दिशा मिळेल. आणि काहीच सापडलं नाही, तर विषय आपलीच वाट पाहतोय असं समजायला हरकत नाही.