रंगाचा काठ का फाटतो?

सर्फिंगची फळी समुद्राची. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर तिचे काय काम, असा प्रश्न कुणालाही पडेल. मात्र, काचतंतूंचे कापड राळेत भिजवून ही फळी जशी मढवितात, त्याच साहित्यातून फायबरच्या होड्याही घडतात. त्यामुळे पवना जलाशयाकाठी अशी होडी रंगविणाऱ्यालाही तीच अडचण येते. दोन रंगांमधील रेघ दुरून सरळ भासते. जवळून पाहावी, तर करवतीच्या दात्यांसारखी. (साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकच्या कयाकवर हा खटाटोप करू नये, त्यावर रंग टिकतच नाही.)

हा प्रश्न मुळात मोटारींचा. अमेरिकेतील सेंट पॉल येथे दुरंगी मोटारी रंगविणाऱ्यांची त्रेधा पाहून थ्रीएम कंपनीतील रिचर्ड ड्रू यांनी १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार केली. गॅरेजमध्ये आज वापरली जाणारी सुरकुतीदार कागदी टेप तिचीच वारस होय. तथापि, नेमक्या या सुरकुत्यांखालूनच रंग झिरपतो. फळीचा गोलसर काठ असेल, तर कागदी टेप वळणावर उचलली जाते. अशा ठिकाणी तीन ते सहा मिलिमीटर रुंदीची लवचिक प्लॅस्टिक टेप रेघेवर लावावी आणि कागदी टेप तिच्या बाहेरच्या बाजूस जोडावी.

दोष बहुधा ब्रशला दिला जातो. वस्तुतः रेघ बिघडते ती ब्रश उचलण्यापूर्वीच. राळेचा थर पूर्ण घट्ट झाल्यावर ३२० नंबरच्या वॉटर पेपरने घासून, धूळ आणि हाताचा तेलकटपणा काढून मगच टेप लावावी. तिची कड नखाने दाबत न्यावी. यानंतरची पायरी अनेक जण गाळतात. टेपच्या कडेवरून आधी पारदर्शक वॉर्निशचा किंवा खालच्याच रंगाचा एक पातळ हात द्यावा. फटी असतील, तर त्यात हा थर शिरतो आणि नंतरच्या रंगाला वाटच उरत नाही. पुढचे हातही पातळच हवेत. ब्रश टेपकडून रंगाकडे ओढावा, उलट नव्हे.

टेप काढण्याची वेळ हा खरा कौशल्याचा भाग. रंग ओला असतानाच ती मागे दुमडून सावकाश ओढावी. रंग कडक झाल्यावर ओढल्यास त्याचे पापुद्रे निघतात. मग पात्याने कड कापण्याचा मोह होतो आणि पाते खालच्या काचतंतूंपर्यंत पोचते.

टेप निघाल्यावर रेघेवर जो बारीकसा उंचवटा राहतो, तो घासून सपाट करणे हीदेखील अशीच महागात पडणारी घाई. घासता घासता राळ संपते, कापड उघडे पडते आणि फळीच्या फोममध्ये पाणी शिरू लागते. फळी जड होते, थर सुटतात. त्याऐवजी रंग वाळल्यावर वरून पारदर्शक थर द्यावा आणि तो थर घासावा, रंग नव्हे. घासताना आणि राळ कालवताना तोंडावर योग्य मास्क हवाच. काचेची धूळ आणि राळेची वाफ साध्या रुमालाने अडत नाही.

लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. दमट हवेत इपॉक्सी राळेवर मेणासारखा थर येतो. त्यावर ना टेप नीट चिकटते, ना रंग. थिनरने पुसून तो नीट जात नाही; पाण्याने धुवावा लागतो. पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश सेल्सिअसने अधिक असावे, असा रंगकामाचा दंडक आहे. म्हणून मावळात हे काम दिवाळीनंतर काढावे आणि तेव्हाही पहाटेचे दव सुकल्यावर, दहा-अकराच्या सुमारास पहिला हात द्यावा.