चाळीस बटणांचं वळण

डबा पुरा झाला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. निळा-पांढरा रंग, खिडक्यांची सरळ ओळ, कडेला गोलसर उतरलेलं छत. फरशीवर मांडलेल्या सरळ रुळावर बोटाने ढकलला तर अलगद गेला. मग वळण आलं. चाकं रुळावरच राहिली, पण डब्याचं पोट आत सरकलं आणि दोन्ही टोकं बाहेर आली. मधोमध वाकून पाहिलं, तर बाहेरचा रूळ डब्याखाली नव्हताच. तो शेजारी उघडा पडला होता.

लेगोच्या विटांतून आगगाडी बांधणाऱ्या प्रत्येकाला हे एकदा तरी दिसतं. डबा चुकलेला नसतो, मापंही बरोबर असतात. फक्त तोवर कुणी वळणाचा हिशेब केलेला नसतो. मला या छंदातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. रेल्वेच्या अभियंत्यांनी पावणेदोनशे-दोनशे वर्षं ज्या प्रश्नांशी झुंज दिली, ते प्रश्न इथे एकेक करून आपल्या फरशीवर येऊन बसतात, आणि ते सोडवायला जवळ विटांचा डबा सोडून दुसरं काही नसतं.

आधी विटेबद्दल. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या या कंपनीने आजच्या विटेचं पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजी नोंदवलं. विटेच्या डोक्यावर जे गोल उंचवटे असतात त्यांना आपण बटणं म्हणू. दोन बटणांमधलं अंतर ८ मिलिमीटर. पूर्ण विटेची उंची ९.६, आणि चपट्या पट्टीची ३.२ मिलिमीटर, म्हणजे तीन पट्ट्या एकावर एक ठेवल्या की एक वीट. यात एक सुरेख मेळ दडलेला आहे. पाच पट्ट्यांची उंची भरते १६ मिलिमीटर, आणि दोन बटणांची रुंदीही १६ मिलिमीटर. त्यामुळे विटा कुशीवर आडव्या केल्या तरी त्या उभ्या विटांच्या शेजारी फट न राहता बसतात. डब्यावरचे उभे पट्टे, खिडक्यांच्या चौकटी, इंजिनाचं तिरपं नाक हे सगळं या एका मेळावर उभं राहतं. हा मेळ प्रत्यक्षात टिकावा म्हणून विटा शतांश मिलिमीटरच्या काटेकोरपणाने ओताव्या लागतात.

या कंपनीची रेल्वे आली १९६६ मध्ये, निळ्या रुळांवरून आणि साडेचार व्होल्टच्या बॅटरीवर. त्यानंतर रुळांचे रंग बदलले, वीज बदलली, पण दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर आजही तेच आहे: ३७.५ मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजचं अंतर १,६७६ मिलिमीटर. भागाकार केला की उत्तर येतं जवळपास ४४.७. म्हणजे या रुळांवर आपली गाडी धावायची, तर ती खऱ्या गाडीच्या सुमारे पंचेचाळिसाव्या भागाएवढी हवी.

आता डबा मोजू. आपल्या रेल्वेचा जुना, निळ्या रंगाचा पेरांबूर कारखान्याचा डबा सुमारे २१.३ मीटर लांब आणि ३.२५ मीटर रुंद. प्रमाणात आणला तर ४७७ मिलिमीटर लांब आणि ७३ मिलिमीटर रुंद, म्हणजे साठ बटणं बाय नऊ बटणं. वजनालाही हाच नियम लावता येतो, फक्त तिथे ४४.७ चा घन घ्यावा लागतो, कारण लांबी, रुंदी, उंची तिन्ही एकदम घटतात. अडतीसेक टनांचा रिकामा डबा जेमतेम सव्वाचारशे ग्रॅमवर येतो. विटांचा आणि बारकाव्यांचाही विचार करावा लागतो. सर्वांत पातळ पट्टी ३.२ मिलिमीटर, ती खऱ्या डब्यावर चौदा सेंटिमीटर झाली. त्याहून बारीक रेघ काढायची तर विटा कुशीवर वळवूनही भागत नाही, म्हणून कोणती रेघ ठेवायची आणि कोणती सोडायची हे बांधणाऱ्याला ठरवावं लागतं. चांगला आणि सामान्य नमुना यातला फरक मला बहुतेक वेळा या निवडीत दिसतो.

इथवर सगळं जुळतं. वळणावर मात्र हिशेब फिसकटतो.

कंपनीच्या रुळाचा वळणाचा तुकडा साडेबावीस अंशांचा असतो. असे सोळा जोडले की वर्तुळ पुरं होतं आणि त्याची त्रिज्या भरते चाळीस बटणं, ३२० मिलिमीटर. जेवणाच्या टेबलावर बसेल असं वर्तुळ. घरात खेळणाऱ्या मुलासाठी ते अगदी योग्य आहे. पण पंचेचाळीसपट मोठं केलं की हे वळण होतं सव्वाचौदा मीटर त्रिज्येचं, आणि भारतीय ब्रॉडगेजवर परवानगी असलेलं सर्वांत तीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचं असतं. बारापट फरक! खरं वळण प्रमाणात मांडायचं म्हटलं तर पावणेआठ मीटर व्यासाचं वर्तुळ लागेल. त्याला घर पुरत नाही, मंगल कार्यालय लागतं.

डब्याचं पोट आत का सरकतं? बोलताना आपण डब्यालाच बोगी म्हणतो, पण रेल्वेच्या भाषेत बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा. डबा अशा दोन गाड्यांवर दोन खुंटांनी टेकलेला असतो. वळणावर दोन्ही खुंट रुळाच्या मध्यरेषेवर राहतात, पण त्यांना जोडणारा डबा सरळ असतो. वर्तुळाच्या दोन बिंदूंना जोडणारी सरळ रेषा म्हणजे जीवा. जीवा आणि कंस यांच्यामधली फट शाळेच्या भूमितीतूनच काढता येते. आपल्या डब्याचे खुंट १४.८ मीटर अंतरावर, प्रमाणात ३३० मिलिमीटर. ३२० च्या त्रिज्येवर ही फट येते ४६ मिलिमीटर. डब्याची अर्धी रुंदी ३६ मिलिमीटर. म्हणून रुळाची मध्यरेषासुद्धा डब्याच्या भिंतीबाहेर दहा मिलिमीटर राहते. त्या रात्री मला दिसलं ते एवढंच होतं.

हेच गणित खऱ्या रेल्वेतही करावं लागतं. वळणावर बांधलेला फलाट सरळ फलाटापेक्षा रुळापासून थोडा दूर ठेवतात, तो डब्याचं पोट किंवा टोक घासू नये म्हणून. अशा स्थानकावर दार आणि फलाट यांच्यामधली फट मोठी का, याचं उत्तर या जीवेत आहे.

बांधणारे यावर तीन वाटा काढतात. खुंट जवळ आणायचे, ही पहिली. अंतर निम्मं केलं की फट निम्मी नाही, चौथाईच्याही खाली येते: ४६ वरून ११. पण मग टोकं फार बाहेर जातात, म्हणून डबाही आखूड करावा लागतो आणि गाडीचा डौल जातो. मोठं वळण वापरायचं, ही दुसरी वाट. छंदिष्टांसाठी छोटे उत्पादक १०४ बटणांच्या त्रिज्येचे रूळ बनवतात, त्यावर ही फट साडेसोळा मिलिमीटरवर येते. दिसायला हा उपाय सर्वांत देखणा, पण खिशाला आणि जागेला जड. तिसरी वाट शेवटी सांगतो, कारण तिचा धागा आपल्या घाटात येऊन पोचतो.

वळण फक्त डब्याला छळत नाही, चाकांनाही छळतं. चाळीस बटणांच्या वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब असतो. पाव वर्तुळात ही तफावत भरते ६३ मिलिमीटर. एका आसावर घट्ट बसलेली दोन्ही चाकं सारखेच फेरे घेतात, म्हणून एकाला घसरावंच लागतं. खऱ्या रेल्वेत यासाठी चाकाचा माथा किंचित निमुळता ठेवतात. वळणावर चाकांची जोडी बाहेरच्या बाजूला सरकते, बाहेरचं चाक आपल्या मोठ्या घेरावर आणि आतलं लहान घेरावर चालतं. कुणी सुकाणू न फिरवता गाडी वळते, ती अशी. १७५ मीटरच्या वळणावर दोन रुळांच्या लांबीतला फरक जेमतेम एक टक्का असतो, आणि तरीही तिथे हा निमुळतेपणा पुरा पडत नाही, म्हणून चाकं किंचाळतात. आपल्या फरशीवर हा फरक साडेबारा टक्के आहे. मोटरच्या चाकांवर पकडीसाठी रबरी कडी चढवलेली असतात, त्यामुळे घसरणं आणखी जड जातं. सरळ रुळावर सहज ओढली जाणारी दहा डब्यांची गाडी वळणावर दमते, ती याच कारणाने. शिवाय डबे एकमेकांना चुंबकांनी जोडलेले असतात. ओढ वाढली की सर्वांत जास्त ताण येतो इंजिनामागच्या पहिल्या जोडावर, आणि गाडी तिथेच तुटते.

विजेची गोष्टही इथेच सांगायला हवी. १९९१ मध्ये नऊ व्होल्टची पद्धत आली. रुळांच्या माथ्यावर धातूची पट्टी, एका रुळातून वीज जायची, दुसऱ्यातून परतायची. देखणी सोय, पण एका आकाराला तिथे मनाई होती. गाडी फिरून त्याच मार्गावर उलटी परत येईल असा फास काढला, की डावा रूळ जाऊन उजव्याला भिडतो आणि शॉर्ट सर्किट होतं. २००६ च्या सुमारास कंपनीने ही पद्धत थांबवली. बॅटरी गाडीत आली, रूळ निव्वळ प्लॅस्टिकचे झाले. आजची गाडी ब्लूटूथवर चालते. जुने लोक अजून धातूच्या रुळांची आठवण काढतात आणि जपून ठेवलेले तुकडे वापरतात. मला नवे रूळ जास्त मोकळे वाटतात, कारण त्यावर हवा तो आकार काढता येतो.

हवा तो, म्हणजे जवळपास. विटा चौकटीत बसतात, पण तिरका रूळ चौकटीत बसत नाही. पंचेचाळीस अंशांत रूळ नेला की २ च्या वर्गमुळाशी गाठ पडते, आणि ते कुठल्याच अपूर्णांकात पुरं मावत नाही. अनुभवी माणसं एक जोडी पाठ ठेवतात: बाजूला बारा तुकडे, तर कर्णावर सतरा. चूक येते साधारण पावणेचार मिलिमीटरची. बाजूंच्या चोवीस सांध्यांत ती वाटून टाकली की एकेका सांध्याला दोन दशांश मिलिमीटरच्या आसपास सैल सोडावं लागतं, तेवढं रूळ सहज देतात. सतरा भागिले बारा! बौधायनाच्या शुल्बसूत्रात २ च्या वर्गमुळाची रीत दिली आहे: एक, अधिक एकतृतीयांश, अधिक त्याचा चौथा भाग. तीन पदांवर थांबलं तर उत्तर सतरा छेद बारा येतं. शुल्बसूत्रं लिहिली गेली विटांच्या वेदी मांडण्यासाठी. विटा मांडणाऱ्याला हा आकडा तेव्हाही लागला आणि आजही लागतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता चढ. सरळ रुळाचा तुकडा सोळा बटणांचा, १२८ मिलिमीटर. प्रत्येक तुकड्यामागे रूळ एका चपट्या पट्टीने, ३.२ मिलिमीटरने उचलला, तर चढ होतो चाळिसास एक. पट्टीहून कमी उचलणं कठीण आणि याहून जास्त उचललं की मोटर जड होते, म्हणून बरेच जण हाच चढ धरतात. भोर घाट आणि थळ घाट, म्हणजे खंडाळा आणि कसारा इथला चढ आहे सदतिसास एक. फरशीवरच्या पट्टीने ठरवलेला चढ आणि सह्याद्रीने ठरवलेला चढ इतके जवळ आहेत. एका गाडीवरून दुसरी न्यायची, तर साधारण बारा विटांची उंची लागते, म्हणजे छत्तीस पट्ट्या आणि छत्तीस तुकडे. साडेचार मीटरहून लांब चढ, आणि तेवढाच उतार. हा घाट बांधून पाहिलेल्या माणसाला पुण्याच्या गाडीला मागून इंजिनं का लावतात हे वेगळं समजवावं लागत नाही.

आणि इथे ती तिसरी वाट. २०२० मध्ये लेगोने स्विस रेल्वेच्या ‘क्रोकोडाइल’ या विद्युत इंजिनाचा संच आणला. मूळ इंजिन १९१९ पासून घडवलेलं, गोथार्डच्या डोंगरी मार्गासाठी. ते लांब आहे, पण अखंड नाही. मधे चालकाची खोली आणि पुढेमागे दोन लांब नाकं, तिन्ही भाग सांध्यांनी जोडलेले. वळणावर प्रत्येक भाग आपापली छोटी जीवा पकडतो, म्हणून पोट एवढं आत सरकत नाही. विटांतलं इंजिनही याच तीन तुकड्यांत बांधलेलं आहे, आणि ते चाळीस बटणांचं वळण घेतं.

याच घराण्याचं इंजिन १९२८ च्या सुमारास आपल्या घाटांसाठी आलं. एकूण एकेचाळीस, त्यातली पहिली स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यात घडलेली. रेल्वेच्या कागदावर पुढे त्यांचं नाव डब्ल्यूसीजी-१ झालं, घाटातली माणसं त्यांना ‘खेकडा’ म्हणत. कसाऱ्याला आणि खंडाळ्याला कित्येक दशकं त्यांनी गाड्या चढवल्या. त्यातलं ‘सर लेस्ली विल्सन’ दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात जपलेलं आहे, आणि एक खेकडा मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात उभा आहे. मुलांना घेऊन जा. सोबत मोजपट्टी, वही आणि पेन्सिल असू द्या. नाक कुठे संपतं आणि चालकाची खोली कुठे सुरू होते, तो सांधा मुलांना बोटाने दाखवा, आणि घरी आल्यावर वळणाचे चार तुकडे जोडून त्यावर तो बांधायला बसा.