‘अप’: चार मिनिटांचा संसार आणि एक वाया गेलेला खलनायक

आज बोलूया पिक्सारच्या ‘अप’बद्दल. साल २००९, दिग्दर्शक पीट डॉक्टर. शेवटही सांगणार आहे, म्हणून पाहिला नसेल तर आधी पाहून या. ९६ मिनिटांचाच तर आहे!

आधी जमेची बाजू. कार्ल आणि एली यांचा अख्खा संसार सुरुवातीलाच साधारण चार मिनिटांत दिसतो, तोही एका संवादाशिवाय. दोघांना दक्षिण अमेरिकेतल्या पॅरडाइज फॉल्सला जायचंय, म्हणून बरणीत पैसे साठतायत. पण कधी टायर फुटतो, कधी कार्लचा पाय मोडतो, कधी घरावर झाड पडतं. दरवेळी बरणी फोडावी लागते. हे आपल्या घरातही होतंच की! मायकल जियाकिनोची धून आधी बागडते, मग हळूहळू थकत जाते. या संगीताला ऑस्कर मिळालं ते उगाच नाही.

एली जाते. ७८ वर्षांचा कार्ल घराला फुगे बांधून उडतो. सोबत चुकून आलेला आठ वर्षांचा रसेल.

आता लंगडी बाजू, म्हणजे खलनायक मंट्झ. कार्ल लहान असताना हा नावाजलेला साहसवीर होता. म्हणजे आता नव्वदी नक्कीच ओलांडलेली, तरी गडी तलवार चालवतो! तेही चालेल, इथे घर उडतं, तर म्हातारा का नाही लढणार? माझी तक्रार वेगळी आहे. मंट्झ एका पक्ष्यापायी आयुष्यभर अडकला, कार्ल एका जागेपायी. दोघं सारखेच! सिनेमा त्यांना जेवायला समोरासमोर बसवतो आणि लगेच पाठलाग सुरू करतो. मग विमानं उडवणारी कुत्री येतात, मंट्झ उंचावरून पडतो, विषय संपला. त्याच्यात स्वतःला पाहून कार्ल हादरलाय, असं कुठेच जाणवत नाही.

खरा बदल होतो तो शांत दृश्यात. कार्ल एलीची वही शेवटपर्यंत उलगडतो. कोरी वाटलेली पानं त्यांच्या रोजच्या संसाराच्या फोटोंनी भरलेली असतात. एलीचं साहस झालेलं असतं, घरबसल्या! मग रसेलच्या मदतीला जायचं म्हणून घर हलकं करायला तो सामान बाहेर काढतो. दोघांच्या खुर्च्या मात्र शेजारीशेजारी राहतात.

मला मारामारी आठवत नाही, त्या दोन खुर्च्या आठवतात. तुम्हाला काय आठवतं? कळवा नक्की. भेटू पुढच्या भागात!